रेघेची रुंदी : रायपूरच्या भूमीवरील मोजणीविद्या

रायपूर जिल्ह्यातील एखाद्या खेड्याचा जुना महसुली नकाशा उलगडून पाहिला असता त्यावर लहानमोठी शेते दाटीवाटीने मांडलेली दिसतात. प्रत्येक शेतास एक क्रमांक असतो; तिकडे त्यास खसरा क्रमांक म्हणतात. महाराष्ट्रात जो मान सर्व्हे नंबरास किंवा गटास, तोच छत्तीसगडात खसऱ्यास. हे नकाशे पूर्वी बहुधा सोळा इंचास एक मैल या प्रमाणावर काढीत, म्हणजे कागदावरील एक इंच भूमीवर ३,९६० इंच होत असे. चांगले टोक केलेल्या पेन्सिलीची रेघ सुमारे पाव मिलिमीटर रुंद असते. तिला ३,९६० ने गुणले की ९९ सेंटिमीटर येतात. नकाशावरची सीमारेषा भूमीवर उतरविली तर ती जवळजवळ एक मीटर रुंदीची पट्टी होते!

धानाच्या शेतात या पट्टीचे कोणास काही वाटत नसे. दोन शेतांमधला बांध, ज्यास विदर्भात धुरा आणि छत्तीसगडात मेड म्हणतात, तोच मुळी तेवढा रुंद असतो. परंतु शंभर मीटर लांबीच्या बांधालगतची एक मीटर पट्टी म्हणजे शंभर चौरस मीटर भूमी, म्हणजेच जवळजवळ एक गुंठा किंवा छत्तीसगडच्या भाषेत अडीच डिसमिल. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले, शहर चहूकडे पसरू लागले आणि धानाच्या खाचरांचे घरबांधणीचे तुकडे पडू लागले. अडीच डिसमिलांत एक लहान घर उभे राहते. ज्या रेघेने पूर्वी केवळ सारा ठरत असे, तिच्याकडून आता भिंत कोठे घालावी याचे उत्तर मागितले जाऊ लागले. मोजणीविद्या शिकणाऱ्यास पुढे जो विचार वारंवार करावा लागतो त्याचा उगम येथे आहे. कोणतेही माप घेताना ते किती खरे आहे, आणि जे काम त्यावर सोपवावयाचे आहे त्यास तेवढे खरेपण पुरेल काय, हे आधी पाहावे लागते.

हा नकाशा कोणी व कशासाठी केला हे कळल्यावाचून त्याचा स्वभाव कळत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. १८१८ नंतर काही वर्षे तेथील कारभार भोसल्यांच्या नावाने इंग्रज अधीक्षकाकडे गेला, आणि एग्न्यू या अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. पुढे १८५४ मध्ये हा मुलूख पूर्णपणे इंग्रजांच्या हाती आला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात समाविष्ट झाला. जमाबंदीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांना या भागात एक विलक्षण पद्धत आढळली. तिला लाखाबाटा म्हणत. गावातील सर्व शेते ठरावीक काळाने पुन्हा एकत्र मानून त्यांची नव्याने वाटणी करावयाची, आणि प्रत्येक कुळास चांगल्या व हलक्या अशा प्रत्येक जातीच्या जमिनीचा भाग द्यावयाचा, असा तिचा नियम होता.

या पद्धतीमागील न्याय समजण्यास तेथील माती पाहिली पाहिजे. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीचे चार मुख्य प्रकार ओळखतो. सखल भागातील काळी, ओल धरणारी ती कन्हार; पिवळसर व हलकी ती मटासी; या दोहोंच्या मिश्रणाची ती डोरसा; आणि उंचवट्यावरील तांबडी, खडकाळ ती भाटा. पाऊस ओढ देतो त्या वर्षी कन्हार तारते आणि अतिवृष्टीच्या वर्षी हलकी जमीन उपयोगी पडते. एकाच्या वाट्यास सगळी कन्हार व दुसऱ्याच्या वाट्यास सगळी भाटा जाऊ नये, म्हणून प्रत्येकाची शेते गावभर विखुरलेली असत. पुढे जमाबंदी झाली, कुळांचे हक्क कायम झाले आणि पुनर्वाटणी मागे पडली. शेते मात्र विखुरलेलीच राहिली. नकाशावरील दाटीचे एक मोठे कारण हे आहे.

मध्य प्रांतात मोजणीच्या कामाची वाटणी मोठी व्यवहारी होती. गावाची बाहेरची सीमा व मुख्य बिंदू थिओडोलाइट या कोनमापक यंत्राने प्रशिक्षित मोजणीदार ठरवीत, आणि आतील शेतांचा तपशील पटवारी जरीब, म्हणजे साखळी, घेऊन भरीत. ही साखळी बहुधा गुंटरची असे. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये तिची रचना केली. लांबी ६६ फूट, कड्या शंभर. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो, आणि एकराचा शंभरावा भाग म्हणजे डिसमिल हा बरोबर एक हजार चौरस कड्यांचा. इंग्रजी राज्य गेले, मीटर आले, तरी रायपूरच्या बाजारात जमिनीचा भाव डिसमिलावर सांगितला जातो, याचे मूळ त्या शंभर कड्यांत आहे. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर भागात नवी मोजणी सुरू केली. त्या इलाख्यात रूढ झालेली शंकुसाखळी ३३ फुटांची असून तिचे सोळा आणे पाडलेले असत. तिच्या लांबीचा चौरस म्हणजे गुंठा. दोन प्रांतांच्या साखळ्या वेगळ्या असल्या तरी एक दुसरीच्या बरोबर निम्मी असल्याने हिशेब जुळतो : अडीच डिसमिलांचा एक गुंठा.

केवळ साखळीने शेतास शेत जोडीत गेले तर गावाच्या दुसऱ्या टोकास पोहोचेपर्यंत लहान लहान चुका साठून मोठी चूक होते. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा की मोठ्याकडून लहानाकडे जावे. आधी थोडे बिंदू अत्यंत काळजीपूर्वक ठरवावेत आणि मग त्यांच्या चौकटीत तपशील बसवावा. म्हणजे आतली चूक आतच कोंडली जाते. भारतात या नियमाचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्यास आरंभ केला आणि त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. हैदराबादहून नागपुराकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला; त्याची समाधी तेथेच आहे. त्याचे अपुरे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे चालविले. हिंगणघाटच्या मराठी विद्यार्थ्यास पृथ्वीचा आकार मोजू पाहणाऱ्या माणसाची खूण आपल्याच गावात सापडते, ही गोष्ट शाळांतून जितकी सांगितली जावयास हवी तितकी सांगितली जात नाही.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. रायपूर हे तलावांचे शहर आहे, आणि मोजणी शिकण्यास तलावासारखी दुसरी जागा नाही. कारण पाण्यावरून साखळी नेता येत नाही, म्हणून युक्ती करावीच लागते. बुढा तलाव, ज्यास विवेकानंद सरोवर असेही नाव आहे, तेथील काठाचे उदाहरण घेऊ. काठाकाठाने पाच बिंदू निवडावेत. प्रत्येक बिंदूवरून मागचा व पुढचा बिंदू दिसला पाहिजे. पाचही बाजूंची लांबी व पाचही आतले कोन मोजावेत. याला मोजणीदार ट्रॅव्हर्स म्हणतात. पंचकोनाच्या आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश असते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु प्रत्यक्ष मोजलेल्या कोनांची बेरीज तेवढी येत नाही. समजा ती ५४० अंश १ मिनिट ४० सेकंद आली, तर शंभर सेकंदांची चूक झाली. यंत्र व मोजण्याची पद्धत लक्षात घेता ती क्षम्य असेल तर प्रत्येक कोनातून वीस सेकंद वजा करावे. क्षम्य नसेल तर पुन्हा मोजावे. मग कोन व लांब्या यांवरून आकृती काढीत गेले की शेवटची बाजू पहिल्या बिंदूपाशी येऊन मिळावयास हवी. ती थोडी हुकते. परिघ ८०० मीटर असून अंतर दहा सेंटिमीटरांनी हुकले तर कामाचा दर्जा आठ हजारांत एक असा झाला.

नवशिक्याला या हुकलेल्या अंतराची लाज वाटते. तो आकडे थोडे इकडेतिकडे करून आकृती बंद करण्याच्या मोहात पडतो. वास्तविक ते अंतर हाच त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा आकडा असतो, कारण बाकीच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवावा हे तोच सांगतो. म्हणूनच क्षेत्रपुस्तिकेत लिहिलेला आकडा खोडरबराने पुसावयाचा नाही, एक रेघ मारून शेजारी दुसरा लिहावयाचा, असा शिरस्ता आहे. बुढा तलावाच्या मध्यभागी विवेकानंदांचा पुतळा उभा आहे. तो काठावरून दिसतो. प्रत्येक बिंदूवरून त्याच्याकडेही रोख धरून कोन मोजून ठेवला आणि ते सारे रोख कागदावर काढले, तर ते एकाच ठिकाणी मिळाले पाहिजेत. चार रोख एकत्र येऊन पाचवा बाजूने गेला, तर कोणत्या बिंदूवर गफलत झाली हे लगेच उमगते. पाण्यात न उतरता त्या पुतळ्याचे स्थानही कळते, हा लाभ वेगळाच.

चुका सगळ्या हाताच्या नसतात. काही ऋतूच्या असतात. पोलादी फीत सामान्यतः २० अंश सेल्सिअस उष्णतामानास प्रमाणित केलेली असते. मे महिन्याच्या दुपारी रायपुरात हवाच बेचाळीस अंशांच्या वर जाते आणि उन्हात पडलेली फीत त्याहून तापते. ती ४५ अंशांस आली असे धरले तर तीस मीटरांची फीत सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. फीत वाढली म्हणजे माप वाढते असा समज होण्याचा संभव आहे. ते उलट आहे. लांबलेली फीत कमी वेळा मावते, म्हणून अंतर प्रत्यक्षाहून कमी भरते. एक किलोमीटरात ही तूट जवळजवळ २९ सेंटिमीटरांची होते. ती दर वेळी एकाच दिशेने होत असल्यामुळे शंभर वेळा मोजूनही नाहीशी होत नाही. उष्णतामान लिहून ठेवून गणिताने ती काढावी लागते. कागदाचेही असेच. जुना नकाशा आटून लांबीरुंदीस शेकडा एक कमी झाला तर त्यावर मोजलेले क्षेत्र शेकडा दोन कमी येते.

टोटल स्टेशन या यंत्राने फीत व थिओडोलाइट यांचे काम एकत्र आणले. ते समोरच्या आरशाकडे प्रकाशलहरी पाठवून परतीवरून अंतर काढते आणि कोन स्वतःच नोंदविते. पण तेथेही हवेचे उष्णतामान व दाब यंत्रास सांगावा लागतो, आणि ज्या बिंदूवर यंत्र उभे आहे त्याच्या नेमके माथ्यावर ते आले नसेल तर पुढचे सगळे आकडे सुबक परंतु खोटे येतात.

उपग्रहांची गोष्ट याहून नवलाची आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून वेळेच्या खुणा पाठवितात. भारताची स्वतःची नाविक प्रणालीही तशाच तत्त्वावर चालते. चार उपग्रहांचे संदेश मिळाले की ग्राहकयंत्र आपले स्थान व आपल्या घड्याळाची चूक दोन्ही काढू शकते. खिशातल्या दूरध्वनीने असे काढलेले स्थान काही मीटरांनी चुकते. शेताची सीमा ठरविण्यास हे निरुपयोगी होय. पेन्सिलीची रेघ त्याहून बरी! तथापि ज्याचे स्थान आधीच अचूक ठाऊक आहे अशा बिंदूवर एक ग्राहक ठेवला आणि दुसरा शेतात फिरविला, तर वातावरणाने व उपग्रहांच्या घड्याळांनी केलेल्या चुका दोहोंवर जवळजवळ सारख्याच पडतात. पहिल्याने आपली चूक दुसऱ्यास कळवावयाची. दुसऱ्याने ती वजा करावयाची. अशा रीतीने सेंटिमीटरांपर्यंत पोहोचता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी अखंड चालणारी संदर्भकेंद्रे देशभर उभारली आहेत. दाट आंब्याखाली किंवा उंच भिंतीलगत मात्र संदेश अडतो वा परावर्तित होऊन येतो. तेथे पुन्हा टोटल स्टेशनच लागते.

उपग्रहाने दिलेला आकडा घेताना तो कोणत्या पृथ्वीवरचा हे विचारणे आवश्यक आहे. हा प्रश्न विचित्र वाटेल. परंतु जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले आहेत आणि जीपीएस निराळा आकार मानते. दोहोंत तेच अक्षांश-रेखांश लिहिले तरी रायपूरच्या परिसरात प्रत्यक्ष जागा शंभर मीटरांहून अधिक दूर पडते. उंचीचेही तसेच. नकाशावरील उंची समुद्रसपाटीपासून असते. ती सपाटी मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून १९०९ मध्ये निश्चित झाली. जीपीएसची उंची गणिती पृष्ठापासून असते, आणि मध्य भारतात ती पन्नास मीटरांहून अधिक कमी दिसते. गणिती पृष्ठावरून काढलेला उतार घेऊन कालवा खणला तर पाणी कोणत्या बाजूस वाहील याची हमी नाही. आणखी एक बारकावा असा की गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना जी चौकट वापरतात तिच्यात रायपूरजवळील भूमीवरचा एक किलोमीटर सुमारे ३५ सेंटिमीटरांनी आखूड येतो. फितीने मोजलेले व नकाशावरून काढलेले अंतर जुळत नाही म्हणून दोन तरुण मोजणीदार भांडू लागतात, तेव्हा पुष्कळदा दोघेही बरोबर असतात.

ड्रोनने या विद्येस आकाशातला डोळा दिला. एकमेकांवर बरीचशी पसरणारी शेकडो छायाचित्रे घेऊन, भूमीवर आधी मोजून ठेवलेल्या खुणांच्या आधाराने, संगणक त्यांपासून एकसंध मोजता येण्याजोगे चित्र बनवितो. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाची मोजणी या रीतीने करून पाहण्यात आली. २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. छत्तीसगडही तीत आहे. गावठाणातील घरांना पूर्वी नकाशा नव्हता आणि म्हणून मालकीचा कागदही नव्हता. येथे एक मौज आहे. आकाशातून उडणारे हे यंत्र येण्यापूर्वी गावकऱ्यांनी आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की ओढून ठेवावयाची असते; कारण ड्रोनास कौलारू छपराची वळचण दिसते, खालची भिंत दिसत नाही, आणि दोन भावांच्या अंगणांमधली अदृश्य हद्द तर मुळीच दिसत नाही. ती माणसांनीच चुन्याने दाखवावी लागते.

रायपूरच्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. समजा, खसरा क्रमांक १२५ चे तीन वारसांत तीन भाग झाले. पटवाऱ्याच्या खात्यात १२५/१, १२५/२, १२५/३ असे लिहिले जाते आणि क्षेत्रही लागते. भुइयाँ या नावाच्या राज्याच्या संगणकीय अभिलेखात तेच दिसते. परंतु नकाशावर १२५ हे अद्याप एकच शेत असते. भाग नकाशावर उतरविण्यास तेथे बटांकन म्हणतात. महाराष्ट्रातील पोटहिस्सा मोजणीचे हे भावंड. बटांकन राहून गेले तर १२५/३ चा मालक आपली भूमी आहे हे कागदाने सिद्ध करू शकतो, पण ती कोठे आहे हे सिद्ध करू शकत नाही. त्याने ती विकली तर घेणारा रस्त्याकडची बाजू मागतो. रस्त्यासाठी भूमी संपादन झाली तर मोबदला कोणाच्या भागाचा, हा वाद उभा राहतो. राज्याच्या दक्षिणेस अबूझमाडच्या डोंगराळ भागात तर कित्येक गावांचा महसुली नकाशाच दीर्घकाळ झालेला नव्हता. जेथे नकाशा नाही तेथे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यालाही दाखविण्यास क्रमांक नसतो.

जुना नकाशा नव्या मोजणीवर बसविताना मोजणीदार प्रथम न हललेल्या खुणा शोधतो. सीमेवरील दगडी खुणांस तिकडे चांदा व मुनारा म्हणतात. पैकी पुष्कळ नांगराखाली गेल्या, काही रस्त्याच्या भरावात पुरल्या गेल्या. त्या सापडल्या नाहीत तर जुन्या विहिरी, तलावाची पाळ, दोन गावांच्या शिवेवरचे वाकण, असे जे जे नकाशावर व भूमीवर दोन्हीकडे ओळखता येईल ते वापरतात. तीन-चार खुणा घेऊन नकाशा बसविला की तो बसतोच. म्हणून अधिक घ्याव्या, काही हिशेबाबाहेर ठेवाव्या आणि त्या नंतर कितीने चुकतात ते पाहावे. हे तलावातील पुतळ्याच्याच युक्तीचे दुसरे रूप आहे. संगणक दहा खुणांची सरासरी चूक अर्धा मीटर सांगतो तेव्हा एक खूण चार मीटरांनी सरकलेली असू शकते. ती एकटी खूण पाहण्यास उन्हात पुन्हा गावात जावे लागते, आणि बहुतेक वेळा एखादा वृद्ध शेतकरी सांगतो की ही विहीर नवी आहे, जुनी पलीकडे बुजली आहे.

अशा मोजणीच्या दिवशी शेजारच्या सर्व खातेदारांना आगाऊ सूचना द्यावयाची असते. चौघे बांधावर उभे राहतात, मोजणीदार ग्राहकयंत्राचा दांडा रोवतो, आणि पडद्यावर सेंटिमीटरांत आकडा येतो. जुन्या रेघेच्या एक मीटर पोटात तो आकडा कोठेही बसू शकतो. मग चौघांना विचारले जाते की मेड पूर्वीपासून येथेच आहे काय. ते होय म्हणाले तर खुंटी तेथेच ठोकतात, पंचनाम्यावर सह्या व अंगठे घेतात, आणि १२५/३ ची पहिली रेघ नकाशावर काढली जाते.